थांबवायच्या आधी भेटा

सातपूरच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा तो मुलगा सकाळी आठला, मी शटर वर करत असतानाच आला. हेल्मेट हातात, डोळे लाल. "ताई, मान वळवली की डोक्यात करंट बसतो. डोळे इकडून तिकडे नेले की सर्रकन काहीतरी जातं. काही द्या ना." मी जागरणाचं विचारलं, जेवणाचं विचारलं. ओआरएसची दोन पाकिटं आणि बी-कॉम्प्लेक्सची एक स्ट्रिप दिली. पैसे देऊन तो गेला. ही गोष्ट २०१६ची. आधीचे आठ-नऊ महिने तोच मुलगा माझ्याकडून पॅरॉक्सेटिनच्या गोळ्या नेत होता आणि त्या महिन्यात न्यायला आला नव्हता. या दोन गोष्टींची सांगड काही मला घालता आली नाही.

सात वर्षांनी तसाच करंट मला बसला, तेव्हा त्याचा चेहरा आठवला.

नाशिकच्या सिडकोत माझं मेडिकल आहे. बी. फार्म. झाल्यावर २००१ मध्ये सुरू केलं. सकाळी दुकान, दुपारी गोळे कॉलनीतल्या घाऊक बाजारातून माल, संध्याकाळी पुन्हा काउंटर. इतक्या वर्षांत 'डिप्रेशनची गोळी द्या' असं म्हणणारं माणूस मला क्वचितच भेटलं. लोक 'झोपेची' मागतात, 'टेन्शनची' मागतात, 'नसांची' मागतात. दुकानात गर्दी असली तर बाजूला थांबतात, गर्दी ओसरली की चिठ्ठी पुढे सरकवतात. सॅनिटरी पॅड आणि ही गोळी, दोन्ही कागदात गुंडाळून मागितली जातात.

कित्येकांना तर आपण कसली गोळी घेतोय याचा पत्ताच नसतो. पाठीच्या नसांच्या दुखण्यासाठी ड्युलॉक्सेटिन लिहिलेलं असतं, अर्धशिशीसाठी अमिट्रिप्टिलिन. ही दोन्ही मुळात नैराश्यावरची औषधं. 'छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो' म्हणणाऱ्याला एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी मिळते. दुखणं थांबलं की माणूस गोळीही थांबवतो. ताप उतरल्यावर पॅरासिटामॉल थांबवतो तशीच, एका दिवसात.

मलाही तसंच वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. फार्मसीच्या पुस्तकात या औषधांचा परिणाम, दुष्परिणाम, मात्रा, सगळं होतं. 'हळूहळू कमी करावे' ही ओळही होती. पण ओळ वाचणं वेगळं आणि त्या ओळीतून चालत जाणं वेगळं.

२०२१च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझे वडील गेले. त्या महिन्यात रेमडेसिविरसाठी रात्री दोन-दोन वाजता फोन यायचे. तेराव्यानंतर लगेच मी काउंटरवर उभी राहिले. रडायला सवड झाली नाही. दिवाळी जवळ आली आणि माझी झोप गेली. पहाटे तीनला डोळे उघडायचे आणि छातीवर कोणीतरी पोतं ठेवल्यासारखं वाटायचं. एकदा गोळे कॉलनीत बिलं तपासताना आकडे दिसेनासे झाले, मी पायरीवर बसून राहिले. मिस्टरांनी मला मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे नेलं. त्या बाईंनी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम लिहून दिलं. सहा आठवड्यांत मी पुन्हा माणसांत आले. त्या गोळीचे माझ्यावर उपकार आहेत, आणि पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे वाक्य कोणी विसरू नये.

सव्वा वर्ष झालं. २०२३च्या फेब्रुवारीत मला छान वाटत होतं. डॉक्टरांना न विचारता मी आठवडाभर अर्धी गोळी घेतली आणि मग बंद केली. आपण या धंद्यात बावीस वर्षं आहोत, आपल्याला कळतं, असं मनात होतं.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या फळीवरून इन्सुलिनच्या सुयांचा खोका काढायला मान वर केली आणि डोक्यात वीज चमकून गेली. दुखलं नाही. क्षणभर सगळं तुटलं आणि पुन्हा जुळलं. मग दर पाच-दहा मिनिटांनी तेच. चौथ्या दिवशी त्रिमूर्ती चौकात स्कूटीवर गरगरलं, गाडी कडेला लावून फुटपाथवर बसावं लागलं. रात्री स्वप्नं इतकी स्पष्ट पडायची की वडील उशाशी बसून बोलून गेले असं वाटायचं, आणि घामाने उशी भिजलेली असायची. पाचव्या दिवशी सुट्ट्या पैशांवरून एका मावशींवर मी अशी ओरडले की दुकानात कामाला असलेला मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. त्या मावशी अठरा वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि तिथेच रडले.

या सगळ्यात सर्वांत वाईट काय होतं, तर मला वाटलं की आजार परत आला. पहिल्यापेक्षा जोरात आला. म्हणजे आता जन्मभर गोळी. त्या भीतीने करंटांपेक्षा जास्त छळलं.

आठव्या दिवशी डॉक्टरांसमोर बसले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "गोळी बंद केल्यावर कितव्या दिवशी सुरू झालं?" तिसऱ्या, म्हटलं. त्या म्हणाल्या, "नैराश्य असं तीन दिवसांत परत येत नाही. ते आठवडे घेतं, महिने घेतं, दबकत येतं. आणि नैराश्यात डोक्यात करंट बसत नाहीत. हे विड्रॉवल आहे, गोळी सुटल्याचा त्रास. गोळी पुन्हा सुरू करा, दोन-तीन दिवसांत कळेल." कळलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुकान बंद करताना लक्षात आलं, दुपारपासून एकही झटका बसला नव्हता.

मग मी वाचायला बसले. आपल्याच फळीवरच्या औषधांबद्दल बावीस वर्षांनी नव्याने.

पहिली गोष्ट समजली ती अर्धायुष्याची, म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला किती वेळ लागतो याची. व्हेन्लाफॅक्सिन जेमतेम पाच तासांत निम्मं होतं, म्हणून एक गोळी चुकली तरी काहींना त्याच दिवशी कळतं. पॅरॉक्सेटिनला साधारण एक दिवस लागतो, एस्सिटालोप्रामला तीसेक तास. फ्लुऑक्सेटिन मात्र दिवसचे दिवस रेंगाळतं, म्हणून ते सुटताना सहसा कमी बोचतं. सातपूरच्या त्या मुलाची गोळी पॅरॉक्सेटिन होती. सुटताना सर्वांत जास्त त्रास देणाऱ्यांत तिची गणना होते.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. २०१९ मध्ये मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या दोन संशोधकांनी 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात एक लेख लिहिला. हॉरोविट्झ यांनी गोळी सोडतानाचा हा त्रास स्वतः भोगलेला आहे. ही औषधं मेंदूतला सेरोटोनिन परत शोषून घेणारी दारं अडवतात. या दोघांनी दाखवलं की मात्रा आणि परिणाम यांचं नातं सरळ रेषेचं नाही. सिटालोप्राम २० मिलिग्रॅमला सुमारे ८० टक्के दारं अडलेली असतात. मात्रा निम्मी करून १० वर आणली तरी सुमारे ७० टक्के अडलेलीच राहतात, पाचवरही ६०च्या आसपास. म्हणजे वीसवरून दहावर येताना फरक दहा टक्क्यांचा, आणि शेवटच्या पाचवरून शून्यावर येताना साठ टक्क्यांचा. आपण मात्र शेवटचा तुकडा अगदी छोटा म्हणून बेफिकीरपणे टाकून देतो.

त्र्यंबकेश्वरजवळचा हरिहर गड ज्यांनी चढला असेल त्यांना हे चटकन समजेल. कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्या चढताना माणूस वर बघत झपाझप जातो. उतरताना मात्र तोंड कड्याकडे करून, हाताने खोबणी धरून, पायाने खालची पायरी चाचपत यावं लागतं. माझी मोठी उडी शेवटच्या पायरीवर होती, आणि मी तिला सपाट जमीन समजले होते.

हा त्रास सगळ्यांना होतो का? नाही, आणि हे सांगणं तितकंच गरजेचं आहे. जर्मनीतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये ७९ अभ्यास आणि सुमारे २१ हजार माणसांची माहिती एकत्र केली. औषध थांबवणाऱ्यांपैकी ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला, पण ज्यांची औषध नसलेली नुसती खोटी गोळी थांबली त्यांच्यापैकीही १७ टक्क्यांना झाला. त्यांचा हिशेब असा की औषधामुळे म्हणावा असा त्रास सहा-सात जणांत एकाला होतो आणि तीव्र त्रास सुमारे पस्तिसात एकाला. माझ्या काउंटरवरून महिन्याला किती स्ट्रिपा जातात ते मला माहीत आहे, म्हणून 'पस्तिसात एक' हा आकडा मला लहान वाटत नाही. त्यातला प्रत्येक जण कोणाच्या तरी घरात, बहुधा कोणाला न सांगता, पलंगाला धरून बसलेला असतो.

मी दुसऱ्यांदा उतरायला सुरुवात केली ती मे महिन्यात, आणि संपलं तेव्हा दिवाळीचे कंदील लागले होते. डॉक्टरांनी टप्पे ठरवले. दहावरून पाच, मग अडीच, मग गोळी कापायच्या डबीने त्याचाही निम्मा तुकडा, आणि प्रत्येक टप्प्यावर शरीर शांत झालं की मगच पुढचा. एक दिवसाआड गोळी घेण्याचा सोपा मार्ग मी सुचवला, त्याला त्यांनी ठाम नाही म्हटलं. तीस तासांत निम्मं होणारं औषध एक दिवसाआड घेतलं तर मेंदूला रोज चढ-उतार सोसावा लागतो. रोज घ्या, त्याच वेळेला घ्या, फक्त कमी घ्या. शिवाय सगळ्याच गोळ्या कापता येत नाहीत. ड्युलॉक्सेटिनसारख्या कॅप्सूलमधले दाणे चुरडले तर औषध पोटातच बिघडतं. म्हणून माझे टप्पे दुसऱ्याने वापरू नयेत, ज्याचे त्याच्या डॉक्टरांनी आखावेत.

मी एक वही ठेवली. दुकानाच्या उधारीच्या वहीसारखीच लांबट. तारीख, मात्रा, झोप, झटके, रडू, राग. ओळ एकच, पण रोज. तिचा फायदा असा झाला की वाईट दिवशी मागची पानं उलटून दिसायचं, मागच्या टप्प्यातही सहाव्या दिवशी असंच होतं आणि दहाव्या दिवशी ओसरलं होतं. झटक्यांच्या दिवसांत स्कूटी घेतली नाही. मान आणि डोळे एकदम वळवायचे नाहीत हे शिकले. आणि घरी सांगून टाकलं. मिस्टरांना, मुलीला, दुकानातल्या मुलालाही. "काही दिवस मी चिडचिड करीन. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण मला थांबवाही." मुलीने मग एक शब्द ठरवला. मी चढ्या आवाजात बोलायला लागले की ती नुसतं म्हणायची, "आई, पायरी." मी उठून गॅलरीत जायचे. अवघड दिवसांची निम्मी भीती त्या एका शब्दाने कमी केली.

शेवटच्या तुकड्यानंतरचे पंधरा दिवस कठीण गेलेच. वडिलांची स्वप्नं परत आली. पण या वेळी मला माहीत होतं की हे कुठून आलंय. मी त्यांच्यासाठी रडले, अडीच वर्षं उशिरा. ते रडणं आजाराचं नव्हतं, विड्रॉवलचंही पूर्ण नव्हतं. ते माझं राहून गेलेलं होतं.

त्यानंतर काउंटरवर उभं राहून मागची वर्षं आठवू लागले, तेव्हा किती चेहरे समोर आले!

२०२१च्या नोव्हेंबरात एसटीचा संप होता. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची बाई दर महिन्याला मुलासोबत एसटीने येऊन एस्सिटालोप्राम-क्लोनाझेपामच्या जोडगोळीची स्ट्रिप न्यायची. एसटी बंद, त्यामुळे नऊ दिवस गोळी नाही. हात थरथरायला लागले, झोप पार उडाली, भिंतीला धरून चालू लागली. घरच्यांना वाटलं बाहेरची बाधा. त्यांनी भाताचा उतारा टाकला. शेवटी मुलगा कोणाच्या तरी पिकअपमधून तिला घेऊन आला. क्लोनाझेपाम अचानक थांबलं तर फिटचे झटके येऊन जिवावर बेतू शकतं एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी त्यांना तिथूनच दवाखान्यात पाठवलं. पण त्या गोळीतल्या दुसऱ्या औषधाचाही वेगळा हिशेब असतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात नव्हतं. तिला बाधा झालीच होती, पण ती न मिळालेल्या गोळीची.

निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला निघालेले एक काका. मधुमेहाच्या गोळ्या मोजून घेतल्या आणि व्हेन्लाफॅक्सिन घरी ठेवली. "माउलींच्या सोबतीला आहे, तिथं कसलं टेन्शन?" दुसऱ्याच दिवशी मुक्कामावरून फोन आला, आवाज कापत होता. वाटेतल्या डॉक्टरांकडून त्यांनी गोळी सुरू करून घेतली आणि वारी पूर्ण केली. पुढच्या वर्षी दोन्ही डब्या घेऊन गेले. विठ्ठलाला एका डबीचं वावडं असतं आणि दुसरीचं नसतं, असं थोडंच आहे?

आणि एक गोष्ट उलट्या बाजूची. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार. त्यांनी गोळी सोडली, काहीच त्रास झाला नाही. दोन महिन्यांनी अवकाळी पाऊस झाला, घडांवर पाणी बसलं. बाग त्यांनी पूर्वीही बुडालेली पाहिली होती, पण या वेळी ते बागेत जायचेच थांबले. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "गोळी सोडल्याचा त्रास असेल, जाईल आपोआप." माझ्या पोटात धस्स झालं. दोन महिन्यांनी, हळूहळू, करंट नाही, गरगरणं नाही, फक्त विझत जाणं. ही परतलेल्या आजाराची चाल होती. त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. आज ते गोळी घेतात आणि बाग बघतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. इंग्लंडमध्ये ४७८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बरं वाटत असताना गोळी थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचा आजार वर्षभरात उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचा. म्हणजे थांबवलेल्यांतही कित्येक जण टिकले, आणि चालू ठेवलेल्यांतही सगळे सुटले नाहीत. सोडायची की नाही हा प्रश्न म्हणूनच एकट्याने, रविवारी दुपारी, रिकाम्या स्ट्रिपकडे बघत सोडवायचा नसतो.

लोक मला विचारतात, "ताई, हिचं व्यसन लागतं का?" पूर्वी मी पटकन 'नाही' म्हणायचे. आता दोन मिनिटं देते. व्यसनात माणूस वस्तूच्या मागे धावतो, मात्रा वाढवत नेतो. या गोळीच्या मागे कोणी धावत नाही. पण शरीर तिच्याशी जुळवून घेतं, आणि ती काढताना शरीराला पुन्हा जुळवून घ्यायला वेळ द्यावा लागतो. हे दोन्ही खरं आहे, आणि माणसाला दोन्ही एकदम सांगितलं तरच त्याचा आपल्यावर विश्वास बसतो. नुसतं 'नाही' ऐकलेला माणूस पहिला करंट बसला की डॉक्टर, औषध, दुकान, सगळ्यांनी फसवलं असं समजतो.

माझ्या हातात फार नाही. चिठ्ठी लिहिणं माझं काम नाही, मात्रा बदलणंही नाही. पण महिन्याला न चुकता येणारं गिऱ्हाईक आलं नाही तर मी वहीत खूण करते आणि फोन करते. स्ट्रिप कापून द्यावी लागली तर नाव आणि एक्स्पायरी असलेला भाग गिऱ्हाइकाकडे जाईल असं बघते. गावाला निघालेल्याला दिवस मोजून गोळ्या आहेत ना, एवढं विचारते. आणि जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं, तर गोळीची चर्चा बाजूला ठेवून त्याच्या घरच्यांना गाठते. रात्र असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर माझ्यासमोर लावायला सांगते. ती सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

सातपूरचा तो मुलगा पुन्हा दुकानात आला नाही. त्याला मी काय दिलं, तर मीठ-साखरेचं पाणी. त्याची भरपाई त्याच्यापाशी करता येणार नाही, म्हणून दुसऱ्यांपाशी करते.

आम्ही गोळ्या पांढऱ्या कागदी पाकिटात घालतो आणि वर पेनाने लिहितो: १-०-०, जेवणानंतर. आता या गोळ्यांच्या पाकिटावर मी दुसरी ओळ लिहिते. परवा एक तरुण बाई पहिलीच चिठ्ठी घेऊन आली, बाळ चार महिन्यांचं, सोबत सासूबाई. ती ओळ वाचून सासूबाई म्हणाल्या, "अहो ताई, आज तर सुरू करतोय. थांबवायचं आत्ताच कशाला लिहिता?"

मी म्हटलं, "काकू, ही बरी होणार आहे. बरं झाल्यावर माणूस आम्हाला विसरतो, ते चांगलंच आहे. पण त्या दिवशी हे पाकीट हिच्या हातात असू दे."

त्या मुलीने पाकीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं. वर लिहिलं होतं, 'थांबवायच्या आधी भेटा.'